माझा नंबर येईपर्यंत उमेदवार ठरलेला असतो

२०२० च्या फेब्रुवारीत मी अमेरिकेत पहिल्यांदा मत दिलं. नागरिकत्वाची शपथ घेऊन दीडेक वर्ष झालं होतं आणि त्याआधीची कितीतरी वर्षं नुसत्या डिबेट बघण्यात गेली होती, त्यामुळे कॅलिफोर्नियाच्या प्रायमरीचं, म्हणजे डेमोक्रॅटिक पार्टीचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायच्या मतदानाचं, बॅलट पोस्टाने घरी आलं तेव्हा ते घाईत भरायचं नाही असं मी ठरवलंच होतं. रात्री सगळं आवरल्यावर टेबल पुसून बसले, काळं पेन घेतलं, उमेदवारांची ती लांबलचक यादी दोनदा वाचली आणि ज्यांच्याबद्दल सहा महिने विचार केला होता त्यांच्या नावापुढचा गोल नीट भरला. पाकिटावर सही केली, दुसऱ्या दिवशी पेटीत टाकलं. १२ का १३ फेब्रुवारी असेल.

मतदानाचा दिवस होता ३ मार्च, म्हणजे सुपर ट्यूजडे, बऱ्याच राज्यांत एकाच दिवशी मतदान होतं तो मंगळवार. १ मार्चला पीट बुटिजेज यांनी माघार घेतली, २ मार्चला एमी क्लोबशार यांनी, आणि त्याच रात्री दोघांनी डॅलसमध्ये जो बायडन यांना पाठिंबा जाहीर करून टाकला. माझं मत त्या दोघांपैकी एकाला होतं. कोणाला ते सांगत नाही, कारण त्यांच्यावर माझा राग नाहीये, जिंकता येत नाही हे कळल्यावर थांबलं तर त्यात चूक काय. पण माझं पाकीट तीन आठवड्यांपूर्वीच गेलेलं आणि ते परत मागता येत नाही. कॅलिफोर्नियात या दोघांच्या नावावर मिळून साडेतीन लाखांहून जास्त मतं पडली, त्यात माझ्यासारखी आधीच पोस्टात पडलेली किती असतील याचा विचार मी बरेच दिवस करत होते.

त्या रविवारी बाबांचा फोन आला. ते अमेरिकेच्या निवडणुका माझ्यापेक्षा बारकाईने फॉलो करतात. सगळं ऐकून म्हणाले, “अगं, पण मोजलं ना तुझं मत?” म्हटलं मोजलं बाबा, पण त्याचा उपयोग नाही झाला. “मोजलं तर उपयोग नाही असं कसं होईल?” मला काही उत्तर सुचलं नाही. म्हटलं नंतर सांगते, आणि ते नंतर आजपर्यंत आलं नाही. मधल्या काळात मी या विषयावर जेवढं हाताला लागलं तेवढं वाचलं, तेव्हा हे त्यांच्यासाठीच लिहितेय असं समजा.

ज्यांना सिस्टिम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोव्हेंबरमध्ये लोक दोघांतून एक निवडतात, पण ते दोघं कोण हे ठरवायची प्रक्रिया पूर्ण वेगळी आहे आणि अमेरिकेच्या राज्यघटनेत त्याबद्दल एक ओळ नाही, पार्टी हा शब्दच नाहीये तिथे. जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकेका राज्यात मतदान होतं, कुठे प्रायमरी म्हणजे साधं मतदान, कुठे कॉकस म्हणजे ठरलेल्या वेळी एका हॉलमध्ये जमून केलेली निवड. त्यातून डेलिगेट म्हणजे प्रतिनिधी ठरतात, आणि उन्हाळ्यात पार्टीच्या कन्व्हेन्शनमध्ये म्हणजे राष्ट्रीय अधिवेशनात ते डेलिगेट अधिकृतपणे उमेदवार निवडतात. नियम अर्धे पार्टीचे, अर्धे राज्याच्या कायद्याचे, आणि पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हा.

लोकांशी बोललं की दोनच मतं ऐकायला मिळतात. एक म्हणजे सगळं आधीच फिक्स असतं, मत देऊन फायदा नाही. दुसरं म्हणजे ज्याला जास्त मतं तो जिंकला, रडताय कशाला. मला दोन्ही पटत नाहीत. मतं खोटी मोजतात असं मी म्हणणार नाही, तसा काही पुरावा मला दिसलेला नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की एकाच पार्टीला मत देणाऱ्या दोन माणसांच्या मतांची किंमत ते कुठल्या राज्यात राहतात आणि कुठल्या तारखेला मत देतात यावर ठरते, आणि ती तारीख त्यांनी ठरवलेली नसते.

आयोवा बघा. १९७२ पासून तिथलं कॉकस सगळ्यांच्या आधी, डेमोक्रॅट्सनी ते २०२४ ला बदललं, रिपब्लिकननी नाही. न्यू हॅम्पशरची प्रायमरी तर १९२० पासून पहिली, आणि तिथे राज्याच्या कायद्यातच लिहून ठेवलंय की आमची प्रायमरी तशा दुसऱ्या कुठल्याही निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी व्हायला पाहिजे. म्हणजे दुसऱ्या कोणी तारीख अलीकडे आणली की हे आणखी अलीकडे सरकणार. आयोवाची लोकसंख्या साधारण ३२ लाख, कॅलिफोर्नियाची जवळपास ४ कोटी. दोन्ही पहिली राज्यं जवळजवळ ९० टक्के गोरी. आणि त्या कॉकसचा प्रकार असा की हिवाळ्याच्या रात्री ठरलेल्या वेळेला हजर राहायचं आणि तास-दोन तास थांबायचं. रात्रपाळी करणारी नर्स येऊ शकत नाही, तान्हं मूल घरी असलेली बाई येऊ शकत नाही, ज्याला धड उभं राहवत नाही तो म्हातारा माणूस येऊ शकत नाही. १५ जानेवारी २०२४ ला रिपब्लिकन पार्टीचं आयोवा कॉकस कडाक्याच्या थंडीत झालं, साधारण १ लाख १० हजार लोक आले, ट्रम्प यांना ५१ टक्के मिळाले. त्याच रात्री विवेक रामस्वामी बाहेर. सहा दिवसांनी, न्यू हॅम्पशरच्याही आधी, रॉन डिसँटिस बाहेर. एवढ्या मोठ्या देशातल्या रिपब्लिकन मतदारांपुढची यादी लाखभर लोकांनी एका रात्रीत अर्धी करून टाकली. कॅलिफोर्निया ५ मार्चला मत द्यायला गेला तेव्हा ट्रम्प यांच्यासमोर फक्त निकी हेली उरल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्याही थांबल्या.

डेमोक्रॅट्सचं २०२० चं आयोवा तर सगळ्यांना आठवत असेल. निकाल पाठवायचं ॲप बंद पडलं, आकडे यायला कितीतरी दिवस गेले, आणि शेवटी मतं बर्नी सँडर्स यांना जास्त पण राज्याच्या डेलिगेटच्या हिशोबात बुटिजेज कणभर पुढे, असा निकाल लागला. त्याच दिवशी, ३ फेब्रुवारीला, कॅलिफोर्नियात पोस्टाची बॅलट घरोघरी पाठवायला सुरुवात झाली होती. म्हणजे आम्ही ज्या निकालाकडे बघून ठरवणार तोच आला नव्हता आणि पेन आमच्या हातात आलं होतं.

आता दुसरी बाजूही मला मान्य आहे, कारण ती खरी आहे. छोट्या राज्यात सुरुवात झाली की खिशात पैसे नसलेला माणूस घरोघरी जाऊन उभा राहू शकतो. १९७६ मध्ये जिमी कार्टर यांना देशात फारसं कोणी ओळखत नव्हतं. आयोवात तेव्हा सगळ्यात जास्त लोकांनी “अजून ठरलं नाही” हाच पर्याय घेतला होता, पण नाव असलेल्यांत कार्टर पहिले आले आणि तिथून त्यांची गाडी निघाली. २००८ मध्ये ओबामा आयोवा जिंकले तेव्हा जवळजवळ सगळ्या गोऱ्या राज्यात कृष्णवर्णीय उमेदवार जिंकू शकतो हे देशाने पाहिलं, त्याचा पुढच्या राज्यांवर केवढा परिणाम झाला. उलट २०२० मध्ये अब्जाधीश मायकल ब्लूमबर्ग यांनी पहिली चार राज्यं सोडून दिली, थेट मोठ्या राज्यांत जाहिरातींवर उतरले, एकूण १ अब्ज डॉलरच्या वर खर्च केला आणि जिंकले कुठे तर पॅसिफिकमधल्या छोट्याशा अमेरिकन सामोआत, एवढंच. त्यामुळे सगळ्या देशात एकाच दिवशी मतदान घ्या असं कोणी म्हणालं की मी लगेच हो म्हणत नाही. तसं झालं तर अब्जाधीश आणि आधीच प्रसिद्ध असलेले लोक सोडून कोणाला संधी राहील? छोटं राज्य पहिलं असण्याला माझी हरकत नाही, दरवेळी तेच राज्य का, एवढाच माझा प्रश्न आहे.

२०१६ ला मी नागरिक नव्हते, पण माझी एक मैत्रीण सँडर्स यांच्यासाठी रोज संध्याकाळी फोन करायची. कॅलिफोर्नियाची प्रायमरी तेव्हा ७ जूनला होती. ६ जूनच्या संध्याकाळी असोसिएटेड प्रेसने जाहीर केलं की हिलरी क्लिंटन यांच्याकडे पुरेसे डेलिगेट झाले, उमेदवारी पक्की. उद्या मतदान आणि आज निकाल! तो हिशोब जुळला होता सुपरडेलिगेट धरून, म्हणजे खासदार, गव्हर्नर, पार्टीचे पदाधिकारी, ज्यांना लोकांनी या कामासाठी निवडलेलं नसतं आणि ज्यांची मतं कन्व्हेन्शनमध्ये जुलैत पडणार होती. पत्रकारांनी त्यांना फोन करून विचारलं, त्यांनी सांगितलं, बेरीज झाली. मैत्रीण त्या रात्री गप्प बसून होती, फोनच्या यादीत अजून नावं शिल्लक होती.

पण इथेही खरं ते सांगायला पाहिजे. क्लिंटन यांना प्रायमरीत सुमारे १ कोटी ६९ लाख मतं होती आणि सँडर्स यांना १ कोटी ३२ लाख. सुपरडेलिगेट काढून टाकले तरी त्याच जिंकल्या असत्या. मैत्रिणीला हे मी नंतर सांगितलं तेव्हा ती चिडली, आणि मला तिचा राग समजतो, कारण ज्या दिवशी तिचं राज्य मत देणार त्याच्या आदल्या रात्री तिला सांगितलं गेलं की तुमची गरज नाही. आकडा बरोबर असूनही माणसाला अपमान झाल्यासारखं वाटू शकतं. त्याच उन्हाळ्यात पार्टीच्या आतले ईमेल बाहेर आले, मुख्य कार्यालयातली माणसं एका उमेदवाराच्या विरोधात बोलताना दिसली, अध्यक्ष डेबी वॉसरमन शुल्ट्झ यांना राजीनामा द्यावा लागला. २०१८ ला पार्टीने नियम बदलला, आता सुपरडेलिगेटना पहिल्या फेरीत, निकाल आधीच स्पष्ट नसेल तर, मत देता येत नाही. हे चांगलं झालं. असं भांडल्याशिवाय होत नाही हेही तेवढंच खरं.

आणि सँडर्सवाल्या मित्रमंडळींना न आवडणारी एक गोष्ट. त्याच २०१६ मध्ये वॉशिंग्टन राज्यात डेमोक्रॅट्सचं मार्चमध्ये कॉकस झालं, त्यात सुमारे २ लाख ३० हजार लोक आले आणि सँडर्स यांना ७० टक्क्यांच्या वर मिळाले. मे महिन्यात त्याच राज्यात प्रायमरीही झाली, पोस्टाने मतदान, ८ लाखांच्या आसपास लोकांनी मत दिलं आणि क्लिंटन जिंकल्या. डेलिगेट कशावर वाटले? कॉकसवर. प्रायमरीचा निकाल नुसता कागदावर राहिला. पुढच्या वेळी, २०२० ला, वॉशिंग्टनच्या डेमोक्रॅट्सनी कॉकस बंद करून प्रायमरी घेतली. अन्याय आपल्या बाजूने झाला की तो दिसत नाही, मलाही दिसला नसता कदाचित.

रिपब्लिकन बाजूला वेगळीच तऱ्हा आहे. डेमोक्रॅट्समध्ये सगळीकडे प्रमाणात वाटप, फक्त १५ टक्क्यांच्या खाली असाल तर काही नाही. रिपब्लिकनमध्ये बऱ्याच राज्यांत जिंकेल त्याला सगळं किंवा जवळजवळ सगळं. २०१६ मध्ये साउथ कॅरोलायनात ट्रम्प यांना साधारण साडेबत्तीस टक्के मतं होती आणि ५० पैकी ५० डेलिगेट मिळाले. उरलेले साडेसदुसष्ट टक्के लोक पाच जणांत वाटले गेले, त्यांच्या हाती शून्य. फ्लोरिडात ४६ टक्क्यांच्या आसपास मतांवर ९९ च्या ९९. आणि त्याच वर्षी कोलोरॅडोत रिपब्लिकन पार्टीने सामान्य मतदारांची पसंतीची निवडणूकच घेतली नाही, पार्टीच्या बैठकांमधून डेलिगेट निवडले, ते टेड क्रूझ यांनी नेले, तेव्हा ट्रम्प स्वतःच ओरडत होते की सिस्टिम फसवी आहे. त्या दिवशी ते बरोबर बोलत होते असं मला वाटतं, आणि साउथ कॅरोलायनातले क्रूझ आणि रुबिओ यांचे मतदारही तेवढेच बरोबर होते.

नेवाडा २०२४ तर मला अजून पचत नाही. राज्याने ६ फेब्रुवारीला सरकारी खर्चाने रीतसर प्रायमरी घेतली, आणि रिपब्लिकन पार्टीने ८ फेब्रुवारीला स्वतःचं वेगळं कॉकस घेतलं, डेलिगेट फक्त कॉकसवर, आणि प्रायमरीत नाव दिलं तर कॉकसमध्ये उभं राहता येणार नाही अशी अट. हेली प्रायमरीत उभ्या राहिल्या, ट्रम्प कॉकसमध्ये. प्रायमरीत “यांपैकी कोणीही नाही” या पर्यायाला हेलींच्या दुपटीपेक्षा जास्त मतं पडली आणि तरीही त्या सगळ्या निवडणुकीतून एकही डेलिगेट निघाला नाही. लोक रांगेत उभे राहिले, कर्मचाऱ्यांनी मतं मोजली, आणि ते कशासाठी होतं हे मला कोणी सांगू शकलं नाही.

आता माझ्या बॅलटकडे परत येते, कारण एक गोष्ट वर सांगायची राहिली. मी कुठल्याच पार्टीत नाव नोंदवलेलं नाही, कॅलिफोर्नियात त्याला नो पार्टी प्रेफरन्स म्हणतात. आमच्यासारख्यांना पोस्टाने येणाऱ्या बॅलटवर काँग्रेससाठीचे सगळ्या पार्ट्यांचे उमेदवार असतात, राज्याच्या विधानसभेचे असतात, पण राष्ट्राध्यक्षपदाचा रकानाच नसतो. तो हवा असेल तर आधी कार्ड येतं त्यावर डेमोक्रॅटिक किंवा आणखी एक-दोन पार्ट्यांचं बॅलट मागून घ्यायचं. २०२० ला रिपब्लिकन पार्टीने आपली राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी बाहेरच्यांना बंद ठेवली होती, तिथे नाव नोंदवल्याशिवाय प्रवेश नाही. ते कार्ड मी जाहिरात समजून टाकून दिलं होतं, मग कोरं बॅलट आलं, मग दुसरं मागवलं, म्हणून मला उशीर झाला आणि तरीही तो उशीर पुरेसा नव्हता! न्यूयॉर्कमध्ये याहून कडक होतं. २०१६ च्या एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी पार्टी बदलायची मुदत २०१५ च्या ९ ऑक्टोबरला संपली होती, सहा महिने आधी. खुद्द ट्रम्प यांची दोन मुलं, इव्हांका आणि एरिक, त्यामुळे वडिलांना मत देऊ शकली नाहीत. नंतर कायदा बदलून ती मुदत १४ फेब्रुवारीवर आणली.

असं का चालतं हे शोधायला गेलं की उत्तर एकच मिळतं, पार्टी ही खासगी संघटना आहे, कोणाला आत घ्यायचं तो तिचा हक्क. कॅलिफोर्नियाच्या लोकांनी १९९६ मध्ये बहुमताने ठरवलं होतं की प्रायमरीत कोणीही कुठल्याही पार्टीच्या उमेदवाराला मत देऊ शकेल. पार्ट्या कोर्टात गेल्या आणि २००० साली सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला, संघटनेच्या स्वातंत्र्यावर गदा येते म्हणून. २०१६ नंतर सँडर्स यांच्या काही समर्थकांनी डेमोक्रॅटिक पार्टीच्या राष्ट्रीय समितीवर फ्लोरिडात केस केली, तिथे समितीच्या वकिलांनी सुनावणीत मांडलं की मनात आणलं तर पार्टी बंद खोलीत बसूनही उमेदवार ठरवू शकते. केस २०१७ मध्ये फेटाळली गेली.

मला हा युक्तिवाद ऐकला की टेक्सास आठवतं. गेल्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पार्टीची प्रायमरी जिंकला तो निवडून आलाच, नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती. आणि त्या प्रायमरीत फक्त गोरे. सुरुवातीला तसा कायदाच होता, तो कोर्टाने पाडला, मग पार्टीने आपल्या अधिवेशनात ठराव केला की आमचे सभासद फक्त गोरे, आणि १९३५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं ठीक आहे, खासगी संघटनेचा निर्णय आहे, सरकारचा नाही. ह्यूस्टनमध्ये लॉनी स्मिथ नावाचे दातांचे डॉक्टर होते, कृष्णवर्णीय, त्यांना प्रायमरीचं बॅलट नाकारलं. ते लढले, थर्गुड मार्शल त्यांचे वकील, आणि १९४४ मध्ये कोर्टाने स्वतःचा नऊ वर्षांपूर्वीचा निकाल फिरवला, आठ विरुद्ध एक. कोर्टाचं म्हणणं साध्या भाषेत असं की प्रायमरी राज्याच्या कायद्याने चालते, तिच्यातून राज्याच्या बॅलटवरची नावं ठरतात, तेव्हा आम्ही खासगी आहोत असं म्हणून माणसाचा मताचा हक्क काढता येणार नाही.

नो पार्टी प्रेफरन्सचं कोरं बॅलट आणि लॉनी स्मिथ यांचा अपमान या एका तागडीत टाकायच्या गोष्टी नाहीत, मी तसं म्हणतही नाहीये. मी कधीही फॉर्म भरून पार्टीत जाऊ शकते, त्यांना दारच बंद होतं. पण खासगी या शब्दाचा वापर कसा होऊ शकतो हे या देशाने बघितलंय. प्रायमरी बहुतेक राज्यांत सरकार घेतं, माझ्या टॅक्समधून, सरकारी कर्मचारी, सरकारी मतपेट्या. खर्चाच्या वेळी सार्वजनिक आणि नियमांच्या वेळी खासगी, हे मला मान्य नाही. पार्टीला खरंच क्लबसारखं वागायचं असेल तर तिने हॉल भाड्याने घ्यावा आणि स्वतःच्या पैशाने मतं मोजावीत.

आणि हे जे काही थोडंफार उघडं झालंय तेही आपोआप झालेलं नाही. १९६४ मध्ये मिसिसिपीच्या डेमोक्रॅटिक शिष्टमंडळात सगळे गोरे होते, तेव्हा फॅनी लू हेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी काढून अटलांटिक सिटीच्या कन्व्हेन्शनमध्ये आपली जागा मागितली. मतदार नोंदणीच्या कार्यशाळेहून परत येताना पकडून तुरुंगात कसं मारलं हे हेमर कन्व्हेन्शनच्या समितीपुढे सांगत होत्या आणि ते टीव्हीवर चालू होतं, तेवढ्यात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अचानक पत्रकार परिषद लावली म्हणून कॅमेरे तिकडे गेले. चॅनेलवाल्यांनी संध्याकाळी ते भाषण पुन्हा दाखवलं. पार्टीने दोन जागा देऊ केल्या, त्यांनी नाकारल्या. चार वर्षांनी शिकागोत हेमर रीतसर डेलिगेट म्हणून बसल्या होत्या, पण त्या १९६८ च्या कन्व्हेन्शनमध्ये उमेदवारी मिळाली ह्यूबर्ट हंफ्री यांना, जे एकाही प्रायमरीत उतरले नव्हते. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात प्रायमरीत मतं दिलेले लोक आत-बाहेर ओरडत होते, रस्त्यावर पोलीस पोरांना मारत होते. हंफ्री हरले, आणि मग पार्टीला कमिशन नेमावं लागलं, मॅकगव्हर्न-फ्रेझर, ज्याच्या नियमांमुळे १९७२ पासून आजची प्रायमरी पद्धत आली. म्हणजे ज्याला आपण पूर्वापार परंपरा समजतो ती जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षांची आहे आणि ती बदलता येते.

२०२४ बद्दल लिहू की नको असं झालं होतं, कारण घरात अजून वाद आहेत. बायडन यांना प्रायमरीत साधारण १ कोटी ४० लाख मतं मिळाली, २१ जुलैला त्यांनी माघार घेतली, ऑगस्टच्या सुरुवातीला डेलिगेटनी ऑनलाइन मतदानाने कमला हॅरिस यांना उमेदवारी दिली. लोकांनी प्रायमरीत दिलेली ती मतं हॅरिस यांच्या नावावर नव्हती, २०१९ मध्येसुद्धा त्या पैसे संपले म्हणून डिसेंबरमध्येच, पहिलं मत पडायच्या आधी बाहेर पडल्या होत्या. काहीजण याला मतांची चोरी म्हणतात, मी नाही म्हणणार. उमेदवार थांबला तर डेलिगेटना दुसरा निवडायचा अधिकार आहे आणि जुलैअखेर पन्नास राज्यांत परत मतदान घेणं शक्य नव्हतं. माझा आक्षेप जुलैवर नाही, जानेवारीवर आहे. फ्लोरिडाच्या डेमोक्रॅटिक पार्टीने एकट्या बायडन यांचं नाव पाठवलं, त्यामुळे तिथली प्रायमरीच रद्द झाली. न्यू हॅम्पशरने पार्टीचं वेळापत्रक मोडलं म्हणून बायडन यांचं नाव तिथे बॅलटवर नव्हतं, लोकांनी हाताने लिहून त्यांना जिंकवलं. आणि हे फक्त एका पार्टीचं नाही, २०२० मध्ये ट्रम्प राष्ट्राध्यक्ष असताना साउथ कॅरोलायना, नेवाडा, कॅन्सस, ॲरिझोना अशा राज्यांत रिपब्लिकन पार्टीने प्रायमरी किंवा कॉकस घेतलंच नाही. पदावर असलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारू नये म्हणून लोकांची निवडच काढून घ्यायची, आणि मग उन्हाळ्यात अडचण आली की म्हणायचं आता वेळ नाही.

काय करता येईल यावर माझं मत अगदी साधं आहे. पसंतीक्रमाचं बॅलट द्या, म्हणजे पहिली पसंती बाहेर पडली तर मत दुसरीकडे जाईल. हे काही स्वप्न नाहीये, २०२० मध्ये अलास्का, हवाई, कॅन्सस आणि वायोमिंगच्या डेमोक्रॅट्सनी असंच मतदान घेतलं. माझ्या हातात तसं बॅलट असतं तर १३ फेब्रुवारीला पाठवलेलं पाकीट ३ मार्चलाही जिवंत राहिलं असतं. दुसरं, देशाचे चार भाग करून दरवेळी वेगळ्या भागाचा पहिला नंबर लावा. राज्यांच्या निवडणूक प्रमुखांच्या राष्ट्रीय संघटनेने ही योजना कितीतरी वर्षांपूर्वी मांडलेली आहे, फक्त त्यांनीही आयोवा आणि न्यू हॅम्पशरला पुढेच ठेवलं होतं, ते मला पटत नाही. आणि कॉकस बंद करा, पूर्ण बंद. शेजाऱ्यांशी समोरासमोर बोलून निवड होते हे छान आहे, पण त्या रात्री जो कामावर आहे त्याचं मत त्या छान गप्पांपेक्षा मोठं आहे.

माझी मुलगी २०२४ च्या ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची झाली. नोव्हेंबरला तिला मत होतं पण मार्चच्या प्रायमरीत नव्हतं, कारण नोव्हेंबरपर्यंत अठरा होणाऱ्यांना प्रायमरीत मत देऊ द्यायचा प्रस्ताव कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये फेटाळला. इतर बऱ्याच राज्यांत हे चालतं. ती नाव नोंदवत होती तेव्हा मी शेजारी बसले होते. पार्टीच्या प्रश्नावर येऊन थांबली, म्हणाली, “आई, तू काय लिहिलंयस?” मी सांगितलं. मग ते कार्ड, कोरं बॅलट, सगळं सांगितलं. तिने थोडा विचार केला आणि एका पार्टीवर क्लिक केलं, म्हणाली मला आत जाऊन भांडायचंय, बाहेरून कोण ऐकतं. मी माझं नाव अजून बदललेलं नाही. २०२८ ला आमच्या घरी दोन वेगवेगळी बॅलट येतील, आणि माझं मी शेवटच्या दिवसापर्यंत टेबलावरच ठेवणार आहे, पोस्टाचा शिक्का मतदानाच्या दिवसाचा असला तरी चालतो.